सोव्हिएत ‘डिसिडंट’: बंडखोर, असंतुष्ट की आणखी काही?

सोव्हिएत काळातल्या ‘डिसिडंट’साठी, म्हणजे सरकारपेक्षा वेगळं मत उघडपणे मांडणाऱ्यांसाठी, मराठी अनुवादात ‘असंतुष्ट’ लिहावं की ‘बंडखोर’, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते दोन्ही टाळावेत. निवडणुकीच्या बातम्यांत हे शब्द इतके मुरलेत की ‘असंतुष्ट’ म्हटलं की तिकीट नाकारलेला कार्यकर्ताच आठवतो.

‘बंडखोर’ तर अर्थानेच चुकतो. ५ डिसेंबर १९६५ रोजी मॉस्कोच्या पुश्किन चौकात काही माणसं जमली. सिन्याव्स्की आणि डॅनिएल या लेखकांवरचा खटला उघडपणे चालवा, ही त्यांची मागणी. फलकावर होतं: ‘सोव्हिएत राज्यघटनेचा आदर करा.’ सरकारला त्याचाच कायदा पाळायला सांगणं, याला बंड कसं म्हणणार?

रशियन भाषेत ‘दिस्सिदेंत’ आहेच, पण त्यांचा अस्सल शब्द ‘इनाकोमिस्ल्याश्ची’. ‘इनाको’ म्हणजे वेगळ्या तऱ्हेने, ‘मिस्ल्याश्ची’ म्हणजे विचार करणारा. गुन्हा कुठे शोधला जात होता, ते या शब्दातच दिसतं. २५ ऑगस्ट १९६८ रोजी भरदुपारी आठ जण लाल चौकात बसले, चेकोस्लोव्हाकियात घुसवलेल्या रणगाड्यांचा निषेध करायला. नताल्या गोर्बानेव्स्काया ही कवयित्री तीन महिन्यांच्या बाळाला बाबागाडीत घालून आली होती. फलकावर ‘तुमच्या आणि आमच्या स्वातंत्र्यासाठी’. काही मिनिटांतच सगळ्यांना उचललं. तान्ह्या बाळामुळे तिला तेव्हा सोडलं, पण पुढच्या वर्षी अटक करून वेडी ठरवलं आणि मनोरुग्णालयात डांबलं. निदान होतं ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. वेगळा विचार हाच आजार ठरवला, की खटल्यात आरोपीचं ऐकायचीही गरज उरत नाही.

म्हणून मी ‘भिन्नविचारी’ सुचवतो. ‘भिन्नमतवादी’ही चालला असता, पण त्यातला ‘वादी’ खटकतो. या लोकांचा एक वाद नव्हताच: इतिहासकार रॉय मेदवेदेव मार्क्सवादी, कादंबरीकार सोल्झेनित्सिन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती श्रद्धेचे, भौतिकशास्त्रज्ञ साखारोव्ह उदारमतवादी. ‘अविचारी’, ‘सुविचारी’ आपण बोलतोच, त्यामुळे ‘भिन्नविचारी’ कानाला परका वाटत नाही.

एक सावधगिरी मात्र घ्या. त्यांच्यातले अनेक जण स्वतःला ‘प्रावोझाश्चितनिक’ म्हणवत. मूळ मजकुरात तो शब्द असेल, तर तिथे सरळ ‘हक्करक्षक’ लिहा.