नवी टीव्ही स्ट्रीमिंग स्टिक, घरचे व्हिडिओ: सुरुवात इथून करा

प्लेक्स, जेलिफिन वगैरे सर्व्हरच्या (कॉम्प्युटरवरून टीव्हीला व्हिडिओ पुरवणारे प्रोग्राम) भानगडीत आत्ताच पडू नका. ते नंतर. सध्या स्टिकवर व्हीएलसी हे व्हिडिओ प्लेअर अ‍ॅप टाका (अँड्रॉइड टीव्ही, फायर टीव्ही दोन्हींवर फुकट आहे), कॉम्प्युटरवरचं व्हिडिओंचं फोल्डर नेटवर्कवर शेअर करा आणि व्हीएलसीतून उघडा. एवढं पुरे.

व्हिडिओ अडकला की नवखे लोक स्टिकला शिव्या घालतात. बहुतेक वेळा दोष वायफायचा असतो. स्टिक टीव्हीच्या मागे दडलेली, तिथे सिग्नल धड पोचत नाही. छोटी एचडीएमआय एक्स्टेंशन लावून ती जरा बाहेर काढा. राउटर जवळ असेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड निवडा. निम्मी रडगाणी इथेच संपतात.

आणखी दोन चुका:

- टीव्हीच्या यूएसबीतून वीज घेणं. ती कमी पडली की स्टिक मध्येच रीस्टार्ट होते. अडॅप्टरच वापरा.
- आवाज येतो पण चित्र नाही, म्हणून फाइल खराब समजणं. एमकेव्ही हा फाइल प्रकार म्हणजे नुसतं खोकं. आतला कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) स्टिकला झेपत नसेल. काही जुन्या स्टिक एचईव्हीसी या कोडेकपुढे हात टेकतात.

आणि हो, एसआरटी फाइलला (म्हणजे सबटायटलच्या फाइलला) व्हिडिओचंच नाव द्या. सबटायटल मराठी असतील तर ती फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) सेव्ह करा, नाहीतर अक्षरांचा नुसता काला दिसेल.