आधी दोन आठवडे मागून घे

प्रश्न : ताई, मी 29 वर्षांची, इचलकरंजीची, लग्नाला दीड वर्ष झालं. फेब्रुवारीत आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ लागली, दुखत नव्हती. डॉक्टर म्हणाले एवढ्या वयात काही नसतं, चरबीची गाठ असेल. चार महिन्यांनी सोनोग्राफी, बायोप्सी केली तर कॅन्सर निघाला. रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह लिहिलंय. येत्या सोमवारी पहिली केमो, ऑपरेशन नंतर. सासूबाई म्हणतात सुई घातली म्हणून गाठ चिडली, आधी कापून टाका. आई म्हणते आपल्यात कुणालाच नाही मग तुलाच कसं. मला वेगळंच विचारायचंय पण घरात बोलायची लाज वाटते. मला मूल होईल ना?

उत्तर : अगं लाज कसली, तुझ्या पत्रात सगळ्यात घाईचा प्रश्न हाच आहे आणि तो सोमवारच्या आत सोडवायचाय. मला 33व्या वर्षी कॅन्सर झाला तेव्हा माझ्या फाईलवर पहिल्याच पानावर ‘मॅरीड, नो इश्यू’ (म्हणजे लग्न झालंय, मूल नाही) लिहिलेलं होतं, सगळे डॉक्टर ते पान उलटून पुढे गेले, आणि मीही जीव वाचतोय ना म्हणून गप्प बसले. तू बसू नकोस.

केमोनं बीजांडं कमी होतात. तुझ्या वयात बऱ्याच जणींची पाळी परत येते, पण पाळी आली म्हणजे मूल होईलच असं नाही. म्हणून केमोच्या आधी बीजांडं किंवा भ्रूण गोठवून ठेवतात. पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते, दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं आणि मग भूल देऊन बीजं काढायची, सगळं मिळून दोनेक आठवडे. तुझी गाठ ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर वाढणारी आहे म्हणून सोबत लेट्रोझोलची गोळी देतात, इस्ट्रोजेन फार चढू नये यासाठी. एवढा उशीर बहुतेक वेळा चालतो, पण तुझ्या बाबतीत चालेल का हे तुझे ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टरच सांगणार, म्हणून आधी त्यांना विचार आणि आयव्हीएफवाल्यांशी त्यांनाच बोलायला लाव. भ्रूण ठेवायचे तर दोघांच्या सह्या लागतात, तेव्हा नवऱ्याला आजच सांग. कायद्याप्रमाणे 10 वर्षं ठेवता येतात. खर्च मात्र लाखाच्या घरात जातो आणि विमा सहसा देत नाही, ते कडू आहे पण आधीच माहीत असलेलं बरं.

नाहीच जमलं तर केमो चालू असताना दर महिन्याला अंडाशय झोपवून ठेवणारं इंजेक्शन असतं, त्याचंही विचार. थोडा आधार मिळतो, पण गोठवण्याची जागा ते घेत नाही.

पुढचं पण सांगते. तुला नंतर टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनला अडवणारी गोळी निदान 5 वर्षं लागेल आणि त्या काळात गरोदर राहायचं नसतं (गर्भनिरोधक गोळ्या नकोत हं, कॉपर टी नाहीतर कंडोम). मग मूल कधी, पस्तिशीनंतर? तर 2023 मध्ये पॉझिटिव्ह नावाचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात 42 वर्षांपर्यंतच्या पाचशेवर बायकांनी दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन मग मुलासाठी दोन वर्षांपर्यंत थांबवली आणि पहिल्या तीनेक वर्षांत तरी कॅन्सर परतायचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. लांबचे आकडे अजून यायचेत, म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही.

आता सासूबाई. सुईनं कॅन्सर चिडत नाही, उलट त्या सुईनं काढलेल्या तुकड्यावरूनच ईआर, हर-टू (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) कळलं, नाहीतर औषध कशावर ठरवणार? आधी केमो देतात ती गाठ लहान करायला आणि औषध लागू पडतंय का हे बघायला, बऱ्याचदा त्यामुळे अख्खा स्तन काढावा लागत नाही. गाठ तेवढी काढून रेडिएशन दिलं तरी आयुष्य तेवढंच मिळतं, हे वीस-वीस वर्षं बायकांवर लक्ष ठेवून तपासलेलं आहे. हे त्यांना तू नको सांगूस, नवऱ्याला सांगू दे, मुलाचं ऐकतील.

आणि आईला म्हणावं, बहुतेक जणींच्या घरात कुणालाच नसतो. तरीही तुझ्या वयात बीआरसीएची, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या जनुकातल्या खोडीची रक्ततपासणी करायलाच हवी, कारण ती खोड बापाकडूनही येते आणि आपण मात्र फक्त मावशी-आजीच मोजत बसतो. निघाली तर ऑपरेशनचा विचार बदलतो, बहीण-भावानंही तपासून घ्यायचं. पण ते नंतर झालं तरी चालेल, केमोला अडवत नाही.

चार महिने गेले त्याचा राग येतोय ना, येऊ दे, मला अजून येतो. पण आत्ता ऑन्कॉलॉजिस्टना फोन लाव. लागला नाही तर फाईल घेऊन उद्या सकाळी सरळ ओपीडीत जाऊन बस, अपॉइंटमेंट नसली तरी.