समंध : संबंधातून निघालेलं भूत

प्रश्न असा आला आहे : ‘समंध’ या भुताच्या नावात ‘अंध’ आहे का? आणि समंध, मुंजा, खवीस ही एकाच भुताची तीन नावं समजायची का?

अंध नाही. ‘समंध’ म्हणजे आपला रोजचा ‘संबंध’च. कुटुंबाचं बोलीत ‘कुटुम’ होतं, तसा इथेही ब गिळला गेला. खेड्यात कुणी ‘तुजा काय समंध?’ म्हणून दरडावतं, तेव्हा त्यात भूतखेत काही नसतं. भूत होतं ते ज्याचा संबंध मेल्यावरही सुटला नाही त्याचं. निपुत्रिक गेलेला, धड क्रियाकर्म न झालेला, नाहीतर घर-जमिनीत, पुरून ठेवलेल्या पैशात जीव अडकलेला माणूस समंध होतो, अशी समजूत. म्हणून समंधाच्या गोष्टीत बहुतेक वेळा एक हंडा असतो आणि तो उकरायला निघालेला कुणी वारस. जो धनाला हात लावील त्याच्या मानगुटीवर हा बसलाच. मला हे नाव फार आवडतं. सुळे नाहीत, उलटे पाय नाहीत, नुसता संबंध! वाटणीचे दावे पाहिलेल्या माणसाला एवढं पुरतं.

मुंजाचं नाव म्हणजे तर मृत्यूची नोंदच. मुंज झाली, पण सोडमुंज, म्हणजे ब्रह्मचर्य संपल्याचा विधी, व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा. राहायला पिंपळ. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते म्हणतात, पण त्या शब्दातलं हे दुःख आता पुसलं गेलंय, उरलीय फक्त शिवी.

खवीस मात्र परका. अरबी ‘खबीस’ म्हणजे दुष्ट, अपवित्र. तिकडचं विशेषण इकडे नाम झालं आणि ‘ब’चा ‘व’ झाला. गोष्टींत तो बहुधा मुसलमानाचं भूत असतो, तर समंध आणि मुंजा बहुधा ब्राह्मणाचं. मेल्यावरही गावाची उतरंड काही सुटत नाही. तेव्हा तिघं एक नव्हेत.

क्रियापदांकडेही लक्ष द्या. समंध मानगुटीवर ‘बसतो’, हडळ ‘धरते’, चकवा ‘लागतो’. चकव्याला बसायला अंगच नाही. रानात त्याच झाडापाशी तिसऱ्यांदा येऊन पोचलात की तो लागला म्हणायचं, बाकी तो ‘चकवणे’ या क्रियापदाइतकाच. आणि भुताचं नाव घ्यायची भीती वाटली की सगळ्यांना मिळून एकच शब्द : ‘बाहेरचं’. ‘पोराला बाहेरचं काहीतरी झालंय.’ गंमत अशी की त्यात समंधही आला, जो मुळात घरातलाच.

काही भुतं मात्र भाषेनेच वर चढवली. वेताळ घ्या. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत तो ‘वेतोबा’ आहे. विठोबा, खंडोबाला लागतो तोच हा ‘बा’. लोक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. रात्री गावाच्या राखणीला फिरून त्या झिजतात म्हणे. समंधाला मात्र कुणी ‘समंधोबा’ म्हटल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही.