आधी कायदा बघ, मग बाजार

नागपूर

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा मिळाला, दोनदा वाचला. नागपुरातल्या लहान धंद्यांवर कोणी मनापासून लिहितंय, याचा मला फार आनंद आहे. पण चौथ्या पानावर अडकलो. उद्यम नोंदणीचे (केंद्र सरकारकडच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या नोंदणीचे) आकडे एवढे चढले, म्हणजे जिल्ह्यात तेवढे नवे धंदे उभे राहिले, असं तू लिहिलं आहेस. ते वाक्य काढून टाक.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० ला सुरू झाली. तेव्हा निव्वळ किरकोळ किंवा घाऊक व्यापार करणाऱ्याला तिथे जागा नव्हती. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने, बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या (ज्यांना ठरावीक वाटा द्यावाच लागतो अशा क्षेत्रांच्या) कर्जापुरतं, व्यापाऱ्यांनाही दार उघडलं. म्हणजे इतवारीत आजोबांच्या काळापासून चालत आलेलं किराण्याचं ठोक दुकान तुझ्या तक्त्यात २०२१ नंतर ‘नवं’ म्हणून येतं. दुकान तेच, गल्ला तोच, वर फक्त एक क्रमांक चढला. आणि एका उद्योगाला क्रमांक एकच मिळतो. हिंगण्याला एक शेड आणि बुटीबोरीला दुसरी असली तरी नोंद एकच राहते.

गुमास्त्याच्या, म्हणजे दुकानांच्या नोंदणीच्या, आकड्यांत याच्या उलट होतं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी नुसती सूचना देणं पुरेसं झालं. जुन्या आणि नव्या नोंदणीचे आकडे एकाच रेषेत जोडलेस, तर महाल-गांधीबागेतली निम्मी दुकानं बुडाली असं वाटेल. म्हणून तक्त्यातली रेष अचानक चढली किंवा पडली की आधी त्या वर्षीचा कायदा उघडून बघ, बाजाराकडे त्यानंतर वळ.

आता आर्थिक गणनेकडे येतो, कारण तुझा खरा आधार तीच आहे. पहिली १९७७ ची. पाचवी २००५ ची, सहावी २०१३-१४ ची. सातवीचं काम २०१९ मध्ये सुरू झालं, पण तुलनेसाठी तू पाचवी आणि सहावीच घे. पाचवीच्या वेळी मी पर्यवेक्षक म्हणून फिरलो आहे, त्यामुळे या गणनेबद्दल थोडं सविस्तर लिहितो. शेतात पीक काढण्याचं काम सोडलं तर विक्रीसाठी माल करणारी किंवा सेवा देणारी जवळजवळ प्रत्येक जागा तिच्यात यायला हवी. एकही नोकर न ठेवता घरच्याघरी चालवलेला धंदाही येतो. आणि देशभरात असेच धंदे सर्वांत जास्त आहेत. सहाव्या गणनेत देशात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना निघाल्या, त्यांत दर दहातल्या सात अशा होत्या.

पण त्या सापडायला हव्यात. प्रगणक दारात उभा राहून विचारतो, “घरात काही धंदा चालतो का?” आतून उत्तर येतं, “नाही, आमचे हे नोकरीवर आहेत.” त्याच घराच्या गच्चीवर विकायचे पापड वाळत असतात. बाईच्या लेखी तो धंदा नाहीच. माझ्या गटातल्या एका मुलीने प्रश्न बदलला. ती विचारायची, “काकू, पापड कोणाला देता?” तिच्या वहीत इतरांपेक्षा जास्त घरगुती धंदे सापडायचे. त्यामुळे एका वॉर्डात असे धंदे जास्त दिसले, तर तिथे बायका जास्त काम करतात की तिथे प्रश्न नीट विचारला गेला, हे ठरवणं अवघड आहे. तू निदान त्याचा उल्लेख कर.

चितार ओळीचंही, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीचंही, असंच. गणपतीच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते. पुढे त्यातले कित्येक दरवाजे बंद असतात. गणनेत बारमाही, हंगामी आणि प्रासंगिक असे रकाने आहेत, म्हणजे हंगामी धंदा नोंदवायची सोय आहे. पण कुलूप लागलेल्या दाराला कोण विचारणार? प्रगणक तिथे कोणत्या महिन्यात गेला, यावर बरंच ठरतं.

बर्डीच्या (सीताबर्डीच्या) फुटपाथवाल्यांबद्दल तू लिहिलं आहेस की सरकारने त्यांना मोजलंच नाही. मोजलं आहे, पण बर्डीत नाही. पक्की जागा नसलेल्या विक्रेत्याची नोंद त्याच्या राहत्या घरी होते. बर्डीत मोजे विकणारा माणूस कामठीला राहत असेल तर त्याचा धंदा कामठीच्या खात्यात जातो. वॉर्डनिहाय नकाशा काढताना हे विसरलीस, तर शहरातला सर्वांत गजबजलेला रस्ता तुझ्या कागदावर फिका दिसेल.

कंपन्यांच्या यादीत पत्ता आणखी फसवतो. तिथे नोंदणीकृत कार्यालय असतं. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय आपल्या शहरात आहे, पण त्यांचा कोळसा चंद्रपूर, वणी, अगदी मध्य प्रदेशातल्या पेंच-कन्हानमधूनही निघतो. उलट बुटीबोरीतल्या कित्येक कारखान्यांचे मालक कागदावर मुंबईकर किंवा पुणेकर. वार्षिक उद्योग पाहणी कारखान्याच्या जागेवरून होते, म्हणून ती बरी. पण कायद्याने ठरवलेल्या कामगारसंख्येपासून पुढचेच कारखाने ती बघते, आणि एकाच राज्यात एकाच उद्योगाचे दोन कारखाने असलेल्या मालकाला एकत्र विवरण भरता येतं. असंघटित क्षेत्राची पाहणी नमुन्याची आहे, म्हणजे सगळ्यांना नाही, निवडक धंद्यांनाच विचारते. तिचे जुने आकडे एकट्या नागपूर जिल्ह्यापर्यंत ताणू नकोस, तुटतील.

तुझा सर्वांत मोठा निष्कर्ष सहाव्या पानावर आहे: २००५ ते २०१३ मध्ये किरकोळ व्यापाराचा वाटा घसरला. बाळा, पाचवी गणना २००४ च्या औद्योगिक वर्गीकरणावर (कोणता धंदा कोणत्या गटात, हे ठरवणाऱ्या यादीवर) झाली आणि सहावी २००८ च्या. २००४ मध्ये घड्याळ, रेडिओ, चपला दुरुस्त करणारा किरकोळ व्यापाराच्या विभाग ५२ मध्ये होता. २००८ मध्ये तो सेवांत, विभाग ९५ मध्ये गेला. भंगारातून माल वेगळा काढणारेही कारखानदारीतून उठून कचरा व्यवस्थापनात गेले. दुरुस्तीवाले जुन्या आकड्यांतून वजा कर किंवा नव्यात मिळव, आणि मग बघ घसरण उरते का. उरली तर ती तुझी मिळकत. नाही उरली तरी ते स्पष्ट लिही, त्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र मी ऐकून घेणार नाही. भिवापूर तालुक्याच्या तक्त्यात एका प्रकारचा एकच कारखाना आहे आणि समोर त्याचे कामगार छापले आहेस. गावातला कोणीही ओळखेल तो कोणाचा. माहिती देणाऱ्याची ओळख झाकण्याची हमी २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याने दिली आहे. त्या हमीवर लोक दार उघडतात. ते रकाने शेजारच्या तालुक्यात मिसळ.

जिल्हा सांख्यिकी कार्यालयात जाऊन ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना’चे जुने अंक माग. तक्त्यांच्या आधी तळटीपा वाच. सहाव्या गणनेत ८ किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांची यादी तयार झाली होती. तिच्यातली इतवारीची पानं घे आणि एक गल्ली पायी फिर. कोण उरलं, कोण गेलं, कोणाची पाटी बदलली, ते वहीत टिप. सराफा ओळीत सकाळी अकराच्या आधी जाऊ नकोस, शटर खाली असतात.

मसुदा परत पाठवशील तेव्हा प्रत्येक तक्त्यात दोन रकाने जास्त हवेत: मोजणी कोणत्या महिन्यात झाली आणि पत्ता कशाचा आहे, दुकानाचा, घराचा की मुख्यालयाचा.

तुझा,
सर