‘मिंगल’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय? ‘मिक्स’पेक्षा ते वेगळं कसं?

दोन्हींचा अर्थ मिसळणं, पण मिंगलमध्ये मिसळलेल्या गोष्टी बहुधा आपापली ओळख राखून असतात. धुराच्या वासात ओल्या मातीचा वास मिसळला, तरी दोन्ही वेगळे जाणवतात. तिथे मिंगल शोभतं. रंगात पाणी घालून ढवळलंत, की मिक्स. तिथे मिंगल म्हणालात तर कानाला खटकेल.

माणसांच्या बाबतीत मिंगल म्हणजे समारंभात कोपरा धरून न बसता याच्याशी दोन शब्द, त्याच्याशी दोन शब्द बोलत फिरणं. आपलं ‘चारचौघांत मिसळणं’ जवळपास तेच. (माझ्यासारख्या कोपरेकऱ्यांना हा शब्द आमंत्रणात दिसला की धडकीच भरते.)

सोबत बहुतेकदा ‘विथ’ येतं: ‘मिंगल विथ द गेस्ट्स’. भीतीमिश्रित आनंदाला ‘जॉय मिंगल्ड विथ फिअर’ म्हणतात.