ओट्याखालच्या कपाटांना लाकूड कुठलं?

प्रश्न : आमचं घर शाहूपुरीत. 2019 च्या पुरात ओट्याखालच्या ट्रॉल्यांच्या बाजू फुगून अक्षरशः भुगा झाला. आता नवीन कपाटं करायचीत. मिस्त्री म्हणतात ऐन घ्या, स्वस्तात मजबूत, सासरे म्हणतात सागवानच पाहिजे, आणि गावाकडं फणसाच्या फळ्या तीन वर्षं पडून आहेत. काय घेऊ सांगा की. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ताई, भुगा झाला म्हणजे ते बहुतेक पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी होती, त्याला पाणी लागलं की संपलं. सासऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे पण अर्धं, कारण सागवानात वाळवीला टिकतो तो फक्त गाभा, बाहेरचा पांढरट भाग कीड आरामात खाते आणि वखारीत सागवान म्हणून तोच गळ्यात मारतात. त्यामुळं फळीचं कापलेलं टोक बघा, सोनेरी-तपकिरी आणि हाताला जरा तेलकट लागलं पाहिजे, पांढरी पट्टी दिसली तर ती फळी बाजूला ठेवा.

दुसरं म्हणजे लाकूड वाळलंय का. ह्याच्यासाठी फळीचा छोटा तुकडा कापून घ्या, किचनच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा, घरातच ठेवून दर आठवड्याला परत वजन करा, वजन कमी होतच राहिलं तर ते ओलं आहे आणि त्याची शटरं उन्हाळ्यात पिळवटणार म्हणजे पिळवटणारच. सागवानाचं नाव असलं तरी ओल्या फळीला हात लावू नका, मी तर ओल्या सागवानापेक्षा वाळलेला फणस कधीही घेईन. आणि काम दिवाळीनंतर काढा, आषाढात तर लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगलेलं असतं.

ऐन मजबूत आहे, वाद नाही. पण घनफुटाला 24 किलोच्या आसपास भरतो, सागवान 18-19, मग शटरचा सगळा भार बिजागऱ्यांवर येतो, शिवाय वाळताना चिरतोही. चौकटीला चालेल, शटरला नको.

तुमच्याकडं पाणी घरात येतं म्हणून मी ओट्याखाली लाकडाच्या बाजू करूच नका म्हणेन, उभा कडप्पा लावा आणि त्याला फक्त सागवानी फ्रेमची शटरं, मधली फळी खाचेत नुसती बसवायची, फेविकॉल लावायचा नाही, म्हणजे ती फुगली-आकसली तरी फ्रेम फाटत नाही. बिजागऱ्या अशा घ्या की पंचगंगा वाढायला लागली की शटरं उचलून माळ्यावर टाकता येतील. वरच्या कपाटांना आयएस 710 ह्या मानकाचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय पुरे, त्यावरचा शिक्का बघून घ्या, आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवू देऊ नका, पाणी तिथनंच शिरतं.

फणसाच्या फळ्या मात्र विकू नका हं! भोकं पडून पिवळी पूड सांडत नसेल तर वरच्या कपाटांची शटरं त्याचीच करा. आत्ता हळदीसारखा पिवळा दिसतो, चार-पाच वर्षांत मस्त तपकिरी होतो.