चहात अद्रक-विलायची सोडून आणखी काय टाकता येईल?

तुम्ही विचारलंय की रोज तोच आलं-वेलचीचा चहा पिऊन कंटाळा आलाय, घरी दुधाचाच चहा होतो, गूळ घालून पाहिला तर दूध फाटलं, तर आता आणखी काय टाकून पाहावं. मी वरुड तालुक्यातली, आमची संत्र्याची बाग आहे. त्यामुळे माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे. संत्र्याची वाळवलेली साल टाका.

लग्न होऊन आले तेव्हा मलाही हे माहीत नव्हतं. माझं माहेर समुद्रपूर तालुक्यातलं, वर्धा जिल्ह्यातलं. तिकडं कापूस, सोयाबीन, थोडीफार हळद. संत्रा बाजारातून यायचा, सोलून खायचा आणि साल उकिरड्यावर जायची. फार तर दिव्याच्या ज्योतीवर ती पिळून आम्ही पोरं चटचट ठिणग्या उडवायचो. सासरी पहिल्याच हिवाळ्यात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात निघणाऱ्या फळांची, तोड चालू होती. दुपारी सगळे धुऱ्यावर बसून संत्री खात होतो. मी सालं गोळा करून फेकायला उठले, तर सासूबाई (आमच्याकडे आत्याबाई म्हणतात) म्हणाल्या, "फेकतं कायले वं पोरी? थे सालटं पदरात घे. चहाले होतात."

घरी आल्यावर त्यांनी सालं कोमट पाण्यात चोळून धुतली, फडक्यानं पुसली, सुपात पसरली आणि ओसरीत सावलीला ठेवली. उन्हात ठेवू दिली नाहीत. चार दिवसांनी एक साल हातात घेऊन मोडून दाखवली, कट्‌कन तुटली. "आता भर बरणीत." त्या संध्याकाळी त्यांनी चुलीवर चहा मांडला आणि गंजात पाणी उकळल्यावर पत्तीच्याही आधी सालीचे दोन-तीन तुकडे टाकले. तो पहिला घोट मला आजही आठवतो. चहा चहासारखाच होता, दुधाचा, गोड, पण घोट गिळल्यावर नाकातून श्वास सोडला की बागेत उभं असल्यासारखं वाटत होतं. आंबटपणा अजिबात नाही. माझी समजूत होती की संत्र म्हटलं की आंबट होणारच.

आंबट का होत नाही, ते नीट समजून घ्या, कारण इथंच लोक चुकतात. आंबटपणा रसात असतो. सालीत असतं ते तेल. साल उजेडात धरली की बारीक बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या. दिव्यावर ठिणग्या उडतात त्या ह्याच तेलाच्या. हे तेल उन्हानं उडून जातं, म्हणून वाळवण सावलीत. आमच्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हातानं निघते आणि आतला पांढरा भागही पातळ असतो. तो पांढरा भाग कडू. जाड सालीचं दुसरं फळ असेल तर तो चमच्यानं खरवडून काढा.

लग्नानंतर वर्षभरानं मी स्वतःच्या डोक्यानं एक प्रयोग केला होता. साल एवढी छान लागते तर रस आणखी छान लागेल, असं वाटून पाहुण्यांच्या चहात अर्ध्या संत्र्याचा रस पिळला. गंजात दह्याचे तुकडे तरंगायला लागले. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन आंबट मिळालं की गोळा होतं, आणि गरम दुधात ते पटकन होतं. सगळा चहा फेकून पुन्हा मांडावा लागला, आणि त्या दिवशी घरात दूधही तेवढंच होतं. म्हणून सांगते, दुधाच्या चहात कोणत्याही आंबट फळाचा रस नको. लिंबू, संत्रा टाकायचाच तर कोऱ्या चहात.

प्रमाण सांगते. दोन कपांना नखाएवढे तीन तुकडे, बस. जास्त टाकले तर कडू होतो आणि मग साखर वाढवत बसावं लागतं. पाण्यात साल दोन मिनिटं उकळू द्या, मग पत्ती, मग दूध. सोबत विलायची चालते. अद्रक टाकू नका, दोघांचं भांडण होतं आणि अद्रकच जिंकतं. शहरात विकत घेतलेली फळं असतील तर धुण्याकडे जास्त लक्ष द्या. बागेत फवारण्या होतात, हे मी बागवालीच सांगतेय. शिवाय दूरच्या बाजाराला जाणाऱ्या फळांना चकाकी यावी आणि ती टिकावीत म्हणून मेणाचा थर देतात. कोमट पाण्यात थोडं मीठ टाकून, मऊ ब्रशनं घासून घ्या, मगच सोला. आंबियाची फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही वेळा थोडी थोडी साल वाळवली तर वर्ष निघतं.

यात आम्ही काही जगावेगळं करतोय असंही नाही. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात शिनहुई नावाचा भाग आहे, तिथं संत्र्याच्याच जातीच्या फळाची साल वाळवून तीन-तीन वर्षं आणि त्याहूनही जास्त मुरवतात. तिला चेनपी म्हणतात, आणि जितकी जुनी तितकी ती महाग. चहापत्तीबरोबर ती उकळून पितात. इंग्रजांचा अर्ल ग्रे चहाही बर्गमोट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलानंच सुगंधी करतात. आमच्या नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन (अमुक भागाचीच खास वस्तू अशी सरकारी ओळख) मिळालं, ज्यूसचे कारखाने हवेत म्हणून दरवर्षी बोलणं होतं, पण सालीचं नाव कोणी काढत नाही. बाग तोडली की क्रेटमधून फळ जातं, आणि घराघरांत, रसाच्या गाड्यांवर सालीचे ढीग कुजतात. मला ते पाहवत नाही. बाईमाणसाला घरबसल्या करता येण्यासारखं हे काम आहे.

आता तुमचा गुळाचा चहा. गूळ थोडा आंबट असतो, जुना झाला की जास्तच, आणि त्यात क्षारही असतात. उकळत्या दुधात पडला की केसीनचं तेच होतं जे माझ्या रसानं झालं. चहा उतरवा, गाळा, मिनिटभर थांबा आणि मग गूळ किसून घाला. किंवा कपात गूळ ठेवून वरून चहा ओता. आमच्याकडे वावरात चहा नेतात तेव्हा गुळाचा खडा वेगळाच नेतात, तो ह्याचसाठी. अद्रकाचंही असंच आहे. कच्च्या अद्रकात दूध जमवणारं एक द्रव्य असतं, झिंजिबेन म्हणतात त्याला. कोमट दुधात ठेचलेलं अद्रक टाकलं तर दूध फाटू शकतं. उकळत्या पाण्यात आधी टाकलं की ते द्रव्य निकामी होतं. म्हणजे पाण्यात वासाचं, मग पत्ती, मग दूध, आणि गोड शेवटी. एवढा क्रम सांभाळला तर दूध फाटायचं भय जवळपास संपतं.

दुसरी वस्तू माझ्या माहेरची, हळद. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली मानांकन मिळालं. ती रंगाला गडद आणि वासाला तेज असते. शेतातून हळद निघाली की आमच्या घरी ओल्या हळदीचं बोटाच्या पेराएवढं कांड ठेचून कोऱ्या चहात जायचं, सोबत दोन मिरे आणि गूळ. मिरे उगाच नाहीत, मिऱ्यातल्या पायपरीनमुळे हळदीतलं करक्युमिन अंगाला जास्त लागतं. करक्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, तुपात-सायीत विरघळतं, म्हणून माय वरून तुपाचा एक थेंब सोडायची. दुधाच्या चहात हळद मला आवडत नाही, मातकट लागते. ज्यांना आवडते त्यांनी चिमूटभर घालावी, जास्त नको.

तुळस, गवती चहा, पुदिना तुम्ही आधीच करून पाहिलं असेल, त्यावर वेळ घालवत नाही. सोप (बडीशेप) मात्र उन्हाळ्यासाठी लक्षात ठेवा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा अद्रकाचा चहा नकोसा होतो, आणि अर्धा चमचा भरड सोप घातलेला चहा सहज जातो. सोप गोडसर असल्यानं साखरही कमी लागते. ज्येष्ठमधही गोडीला छान, घसा बसला तर दोन-तीन दिवस घ्या, पण ज्याला बीपीचा त्रास आहे त्याला रोज देऊ नका. त्यानं रक्तदाब वाढतो. आमच्या मामाजींना (सासऱ्यांना) खोकल्यासाठी मी तो महिनाभर दिला होता आणि डॉक्टरांनी तपासून लगेच बंद करायला सांगितला. हे मला आधी माहीत असायला हवं होतं, म्हणून इथं मुद्दाम लिहितेय.

तिसरी वस्तू नणंदेकडची. तिला गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात दिलं आहे. जंगलाचा मुलूख, मोहाची झाडं अंगणापर्यंत आलेली. मार्च-एप्रिलमध्ये रात्री फुलं गळतात आणि पहाटे बाया टोपल्या घेऊन वेचायला जातात. वाळलेल्या मोहफुलात जवळपास निम्मी साखरच असते. नणंद कोऱ्या चहात पाच-सहा फुलं टाकून उकळते, वेगळं गोड लागत नाही. चव मनुकांसारखी, मागून किंचित धुराची. वास उग्र आहे, पहिल्यांदा नाक मुरडलं जातं, पण पावसाळ्यात ओलंचिंब होऊन आल्यावर असा चहा मिळाला की अंगात ऊब येते. फुलातला केसरासारखा भाग काढून, निवडून, धुऊन घ्या, नाहीतर घशात खवखवतं. दुधाशी याचं जमत नाही.

आणि ज्याची चव मला अजून उलगडतेय तो चहाही तिकडचाच. नणंदेच्या गावाजवळ प्रतापगड आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. त्याच भागात गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग नाव, १९७२ पासूनची. तेव्हा तो भंडारा जिल्हा होता. हिवाळ्यात शहरात स्वेटर विकायला बसतात ना, त्यांतली बरीच माणसं तिथली. यात्रेहून येताना नणंद मला तिच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे घेऊन गेली. चांगलं मराठी बोलत होत्या, आमच्यासारखंच. त्यांनी दिला तो चहा मिठाचा आणि लोण्याचा, साखरेचा कण नाही. त्यांच्या भाषेत पो चा. पत्ती खूप वेळ उकळून, मीठ आणि लोणी घालून घुसळतात. पूर्वी लाकडी नळकांड्यात घुसळत, आता मिक्सरमध्ये. थंड, उंच मुलखात लोण्यानं ताकद राहायची आणि ओठ फुटायचे नाहीत, असं त्या सांगत होत्या. आता भाताच्या बांध्या आणि सागाच्या जंगलात, पन्नास वर्षांनंतरही तोच चहा त्या रोज करतात.

मिठाचं तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं. चहा जास्त उकळून कडवट झाला की चार कपांना मिठाची अगदी बारीक चिमूट टाकते, दोन बोटांत मावेल एवढीच. मीठ कळत नाही, कडवटपणा मात्र दबतो, कारण मिठातलं सोडियम जिभेला कडू कमी जाणवू देतं. जानेवारी २०२४ मध्ये मिशेल फ्रँकल नावाच्या अमेरिकेतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेनं हेच सांगितलं तर इंग्लंडात केवढा गदारोळ झाला, लंडनच्या अमेरिकी वकिलातीला निवेदन काढावं लागलं. म्हातारीच्या घरी ते कधीचं चालू आहे.

गेल्या हिवाळ्यात मी पो चा घरी करून पाहिला. लोणी आमच्या म्हशीचं, मीठ अर्धा चमचा, आणि घुसळायला रवी. आत्याबाईंना पेलाभर दिला. एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "ही चाय नोहे वं, ही त बिना फोडणीची कढी हाय." थोड्या वेळानं पेला पुढं केला आणि म्हणाल्या, "आखीन हाय का?"